टीपी स्कीम: 40 गुंठ्यांचे 20 झाले तर हातात काय राहते?

शिवार: पुण्याजवळच्या आमच्या गावात टीपी स्कीमचा (नगररचना योजना: सगळ्यांची जमीन एकत्र आखून रस्ते-सुविधांसाठी काही कापायची आणि उरलेल्याचे नवे प्लॉट मालकांना परत द्यायचे) इरादा जाहीर झालाय. सातबारा सामाईक, 40 गुंठे, एका कोपऱ्यात विहीर. निम्मी जमीन जाणार म्हणतात. भूसंपादनात मोबदला तरी मिळतो, मग यात फायदा कुणाचा? हरकत कधी आणि कशावर घ्यायची?

नकाशेवाला: भूसंपादनात ज्याच्या गटातून रस्ता जातो त्याची जमीन जाते आणि शेजाऱ्याला आयता फ्रंटेज मिळतो. टीपीत रस्ता कुणाच्याही गटातून गेला तरी कपात सगळ्यांना. पुण्याजवळच्या म्हाळुंगे-माणच्या सुमारे 250 हेक्टरच्या स्कीममध्ये मालकांना 50 टक्के परत देण्याचे सूत्र आहे. अहमदाबादच्या 76 किमीच्या रिंगरोडसाठीही टीपीतून जागा मिळाली.

तुमचे 20 गुंठे म्हणजे साधारण 2,023 चौ.मी., पण चौकोनी आणि रस्त्याला लागून. बाकीच्यातून रस्ते, बागा, शाळा, 10 टक्क्यांच्या आसपास दुर्बल घटकांची घरे, शिवाय स्कीम राबवणाऱ्या प्राधिकरणाने विकायचे प्लॉट. ड्रेनेजचा खर्च बराचसा त्या विक्रीतून काढायचा असतो. गुंठेवारीत (मंजूर आराखड्याशिवाय गुंठ्या-गुंठ्याने तुकडे विकताना) हे काहीच होत नाही, पाण्याची लाइन टाकायलाही नंतर जागा उरत नाही.

लोक फसतात ते बेटरमेंट चार्जमध्ये, म्हणजे सुधारणांमुळे वाढलेल्या किमतीवरच्या आकारात. अंतिम खंडाची (स्कीमनंतर परत मिळणारा प्लॉट) सुधारणांसह आणि सुधारणांशिवाय अशा दोन किमती काढतात, आणि फरकाच्या निम्म्यापर्यंत आकार लागतो. समजा 1 कोटी आणि 60 लाख, तर जास्तीत जास्त 20 लाख. दोन्ही किमती इरादा जाहीर झाल्याच्या तारखेच्या. आजचा बाजारभाव लावून वाद घालू नका, उपयोग नाही. गेलेल्या क्षेत्राची भरपाई पैशात की एफएसआयमध्ये (प्लॉटवर किती बांधकाम करता येईल याचे प्रमाण), हे स्कीमच्या मसुद्यात वाचा.

मोजणीदार: त्याआधी मूळ खंडाचा, म्हणजे तुमच्या आत्ताच्या जमिनीचा, नकाशा पाहा. सातबाऱ्यावर 40 आणि मोजणीत 37 भरले तर पुढचा सगळा हिशेब घसरतो. वारसनोंदी आत्ताच पूर्ण करा. सामाईक सातबाऱ्याला एकच सामाईक खंड मिळण्याची शक्यता जास्त. वेगळे हवे असतील तर तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम 85 चे वाटप आधी उरका. विहीर, झाडे, घर नकाशावर दाखवलेत का तेही बघा.

कलम६९: वरचे पटते, पण वेळेचे कुणी बोलत नाही. इरादा जाहीर झाल्यापासून परवानगीशिवाय बांधकाम बंद, आणि लवादाचा (सुनावणी घेऊन अंतिम खंड आणि किमती ठरवणारा अधिकारी) टप्पा रेंगाळला की कागदावर अंतिम खंड अन् जागेवर जुनेच बांध. मसुदा राजपत्रात आला की 30 दिवसांत लेखी हरकत द्या, पोच घ्या. "जमीन द्यायची नाही" एवढेच लिहिलेली हरकत टिकत नाही. खंड क्रमांक टाकून क्षेत्र, जागा, किंमत यांवर मुद्देनिहाय लिहा.

शिवार: अंतिम खंड विहिरीपासून लांब दिला तर?

नकाशेवाला: मसुद्यावरच्या हरकतीत विहीर आपल्या खंडात यावी असे नकाशासह मागा. नाही जमले तर लवादासमोरच्या सुनावणीत तिची स्वतंत्र किंमत धरायला लावा. बांधकामाचा खर्च, खोली, वीजजोड, सगळ्याचे कागद सोबत न्या.