व्हिएन्नाला आईबाबांना घेऊन चाललेय, ऑपेरा आणि नाटकाचं कसं जमवायचं?

कोथरूडची_रमा:

नमस्कार मंडळी. मेच्या शेवटी आईबाबांना घेऊन आठवडाभर व्हिएन्नाला चाललेय. राजवाडे, बागा, केक हे सगळं होईलच, पण जायचं खरं कारण वेगळं आहे. आई पेटी वाजवते, नाट्यसंगीतावर वाढलेली, सवाई रमणबागेत व्हायचा तेव्हापासून न चुकता जाते, आणि बाबा म्हणजे सुदर्शन आणि भरतला लागलेलं नवीन नाटक शक्यतो सोडत नाहीत. दोघांचं म्हणणं एकच, मोझार्ट बीथोवन जिथे राहिले तिथे जाऊन नुसते पुतळे बघून यायचं नाही, तिथली माणसं संध्याकाळी जे ऐकतात बघतात ते आपणही ऐकायचं.

आता टूरवाल्याने जेवण अधिक कॉन्सर्ट असं पॅकेज गळ्यात मारायला सुरुवात केलीये, जुन्या वेषातले वादक वगैरे, किंमत ऐकून बाबांनी फोनच ठेवला. म्हणून विचारतेय. खऱ्या ऑपेराची तिकिटं परवडतात का, उभं राहून बघायची सोय असते म्हणतात ती साठी ओलांडलेल्यांना झेपेल का, भाषा कळत नाही तर काय करायचं, कपडे काय घालायचे. बाबांसाठी एखादं नाटकपण हवंय. आणि आईचा खास प्रश्न, पहिल्यांदा ऐकणाऱ्याने कुठला ऑपेरा निवडावा. प्लीज सविस्तर लिहा, आई स्वतः वाचणार आहे.

बाणेर_व्हाया_व्हिएन्ना:

रमाताई, ते पॅकेज घेऊ नका. मी नोकरीनिमित्त तिथे राहिलोय, हा प्रकार रोज बघायचो. ऑपेराच्या बाहेर आणि स्टेफान्सप्लाट्झ या मधल्या चौकात झगा आणि पांढरा विग घातलेले विक्रेते हातात फाईल घेऊन उभे असतात, गोड बोलतात, आणि ऑपेराच्या दारातच उभे असल्यामुळे माणसाला वाटतं तिकीट आतल्याच कार्यक्रमाचं आहे. ते असतं दुसऱ्याच कुठल्यातरी हॉलमधल्या टुरिस्ट कॉन्सर्टचं, लोकांच्या कानावरून गेलेल्या सुरांचे तुकडे एकापुढे एक लावलेले. वाजवणारे वाईट नसतात, पण गावातला श्रोता तिथे येत नाही आणि तुमच्या आईबाबांना नेमका तोच हवाय.

श्टाट्सओपरला, म्हणजे तिथल्या मुख्य ऑपेरा थिएटरला जा. सरकारी संस्था आहे, १८६९ मध्ये मोझार्टच्या 'डॉन जिओव्हानी'ने सुरू झालेली. दुसऱ्या महायुद्धात १९४५ च्या मार्चमध्ये बॉम्ब पडून रंगमंच आणि प्रेक्षागृह जळून गेलं, आणि १९५५ मध्ये, देशातून परकीय सैन्य बाहेर पडलं त्याच वर्षी, बीथोवनच्या 'फिडेलिओ'ने पुन्हा उघडलं. तुरुंगातून सुटकेची गोष्ट आहे ती, त्यामुळे त्या दिवशी लोकांना काय वाटलं असेल बघा. सप्टेंबर ते जून हंगाम चालतो, जुलै ऑगस्ट बंद, तुम्ही मेमध्ये जाताय ते उत्तम. एकच प्रयोग महिनाभर लावायची पद्धत नाही, आज एक उद्या दुसरा, मधे बॅले, त्यामुळे आठवड्याभरात तीनचार वेगळे प्रयोग सहज सापडतील.

आता उभ्याच्या जागा. सतराशेच्या आसपास खुर्च्या आणि चारशेच्या वर उभ्याच्या जागा आहेत. तिकीट त्याच दिवशी विकतात, साधारण दहा ते वीस युरोंच्या मधे. खाली मधोमध जी उभ्याची जागा आहे ती मधल्या मोठ्या बॉक्सच्या बरोबर खाली येते, म्हणजे अख्ख्या थिएटरातल्या उत्तम जागांपैकी एक, तिच्या पुढच्या खुर्चीला लोक दोनशे युरो मोजतात. कठड्याला टेकून उभं राहायचं, समोर छोटा स्क्रीन, त्यावर भाषांतर येतं, इंग्रजी निवडायचं. आमच्या वेळी कठड्याला मफलर बांधून जागा धरायचे आणि कितीही गर्दी असली तरी बांधलेल्या मफलरला कोणी हात लावायचं नाही. माझ्या शेजारी एक आजी असायच्या, हातात जाड स्वरलिपीचं पुस्तक, पानोपान पेन्सिलच्या खुणा, गायिकेने एखादी जागा वेगळी घेतली की तिथे लगेच बारीक टिंब. असे श्रोते तिथे उभ्याने सापडतात, महागड्या खुर्च्यांत कमी.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. व्हिएन्ना फिलहार्मोनिक या नावाजलेल्या ऑर्केस्ट्राची तिकिटं मिळत नाहीत म्हणून लोक हळहळतात, त्यांच्या रविवारच्या कॉन्सर्टचं सभासदत्व मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं. पण फिलहार्मोनिकचा प्रत्येक वादक आधी श्टाट्सओपरच्या ऑर्केस्ट्रात घेतला जातो, तिथे काही वर्षं वाजवल्यावरच फिलहार्मोनिकचा सभासद होता येतं, १८४२ पासून त्यांचं असंच आहे. म्हणजे पंधरा युरोत उभं राहून तुम्ही रंगमंचापुढच्या खोलगट जागेत (पिटमध्ये) वाजवताना ऐकता ते तेच लोक.

फक्त गुडघे दुखत असतील तर हट्ट करू नका, तीन तास उभं राहणं सोपं नाही. आईबाबांसाठी एका दिवशी व्यवस्थित खुर्ची घ्या, तिथे पैसे टाका, बाकी ठिकाणी वाचवा. बॉक्समधल्या मागच्या खुर्च्या स्वस्त दिसतात त्या घेऊ नका, तिथून अर्धा रंगमंच दिसतच नाही.

जर्मनच्या_मॅडम:

बाबांच्या नाटकाचं मी सांगते. बुर्गथिएटर. १७४१ मध्ये सुरू झालेली नाटकाची संस्था, रिंग या गोल रस्त्यावरची आत्ताची इमारत १८८८ ची, जर्मन बोलणाऱ्या जगात या रंगभूमीचा दबदबा फार मोठा आहे, तिथे नट म्हणून घेतलं जाणं म्हणजे आयुष्यभराची मिरवायची गोष्ट. नाटक अर्थातच जर्मनमधून. काही प्रयोगांना इंग्रजी अक्षरं वर दाखवतात, साईटवर तसं लिहिलेलं असतं, तेवढंच बघून निवडा. बाबांनी गोष्ट आधी वाचून घेतली तर त्यांना काही अडणार नाही, मुरलेला प्रेक्षक नट उभा कसा राहतो, थांबतो कुठे यावरूनच निम्मं नाटक समजून घेतो. आणि नाटकाचं नाही जमलं तरी दिवसा इमारत दाखवतात ती जरूर बघा, जिन्यांवरच्या छताची चित्रं गुस्ताव क्लिम्ट, त्याचा भाऊ आणि त्यांचा एक मित्र यांनी मिळून काढलीयेत, क्लिम्ट तेव्हा पंचविशीतला पोरगा होता.

मे जूनमध्ये वीनर फेस्टवोखन नावाचा महोत्सव असतो, १९५१ पासून दरवर्षी. जगभरची नाटकं, नृत्य, प्रायोगिक कामं येतात. सुदर्शनला प्रायोगिक नाटकं बघायला जाणाऱ्या माणसाला हेच जास्त आवडेल असं मला मनापासून वाटतं, बुर्गपेक्षाही. परदेशी नाटकांना बहुधा इंग्रजी अक्षरं असतातच.

सवाईचा_वारकरी:

रमा, तुझ्या आईसाठी लिहितोय. वहिनी, आपण मैफल ऐकणारी माणसं, आपल्याला सूर कळतो, भाषा नंतर. पहिला ऑपेरा मोझार्टचा घ्या. 'मॅजिक फ्लूट' किंवा 'फिगारो' लागला असेल तर डोळे मिटून. दोन्ही व्हिएन्नातच पहिल्यांदा रंगमंचावर आले, फिगारो १७८६ मध्ये आणि मॅजिक फ्लूट १७९१ मध्ये, मोझार्ट गेला त्याच्या दोन सव्वादोन महिने आधी. मॅजिक फ्लूटमध्ये मधे मधे नुसते संवाद आहेत आणि मग गाणं येतं, त्यामुळे संगीत नाटकाच्या प्रेक्षकाला ते लगेच आपलं वाटतं. वाग्नर या संगीतकाराचा ऑपेरा पहिल्या खेपेला नको, चार चार पाच पाच तास चालतो.

जायच्या आधी महिनाभर घरी तोच ऑपेरा लावून ठेवा. स्वयंपाक करताना, पोळ्या लाटताना चालू राहू दे. आपण चीज माहीत असलेला राग ऐकतो तेव्हा कान पुढची जागा शोधत असतो की नाही, तसा कान तयार झाला पाहिजे, नाहीतर नुसता सेट आणि कपडे बघून परत याल.

आणि वहिनी, माईक नसतो हो. एवढं मोठं थिएटर, खाली अख्खा ऑर्केस्ट्रा, आणि ती बाई साध्या गळ्याने वरच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचते. मोठ्याने नाही, अगदी हळू गातानासुद्धा. मी ऐकलं तेव्हा आमच्या आजोबांनी जुन्या नाटकवाल्यांच्या, माईक नसतानाच्या आवाजाबद्दल जे सांगितलं होतं ते पहिल्यांदा खरं वाटलं. आपल्याकडे आता पन्नास माणसांच्या बैठकीलाही स्पीकर लावतात, याचं मला फार वाईट वाटतं.

म्युझिकव्हेराइन या कॉन्सर्टच्या इमारतीतल्या सोनेरी सभागृहातही एकदा बसा. १८७० चं, लांबट पेटीसारखं, लाकडी जमिनीखाली पोकळी आणि छत वरून टांगलेलं, त्यामुळे सगळी खोलीच वाजते. फिलहार्मोनिक नाही मिळालं तर व्हिएन्ना सिंफनी या दुसऱ्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम घ्या, ती तिकिटं मिळतात. एकच सांभाळा, एका रचनेत तीनचार भाग असतात आणि मधे टाळी वाजवायची नाही, सगळं संपल्यावर. आपला हात दाद द्यायला लगेच वर जातो.

धनकवडी_ट्राम:

सगळ्यांनी तिकिटांचं सांगितलं, मी फुकटातलं सांगतो. एप्रिल मे जून आणि सप्टेंबरमध्ये श्टाट्सओपर आतला प्रयोग बाहेरच्या चौकात मोठ्या पडद्यावर लाईव्ह दाखवते, खुर्च्या मांडलेल्या असतात, पाऊस नसेल तर मजा. दुसरं, रविवारी सकाळी ११ ला आउगुस्टिनरकिर्खं नावाच्या चर्चमध्ये प्रार्थनेच्या वेळी ऑर्केस्ट्रा आणि कोरससकट हायडन, मोझार्ट, शुबर्टची रचना सादर होते. प्रवेश खुला, पण ती पूजा आहे हे लक्षात ठेवून शांत बसायचं, फोटो काढत फिरायचं नाही, आणि दानपेटीत काहीतरी टाकायचं.

@सवाईचा_वारकरी, मुंबईत जन्मलेले कंडक्टर झुबिन मेहता व्हिएन्नातच शिकले आणि पुढे फिलहार्मोनिकची नवीन वर्षाची कॉन्सर्ट पाच वेळा कंडक्ट केली, हे आईंना सांगायचं राहिलं तुमचं.

कोथरूडची_रमा:

बाप रे किती छान लिहिलंत सगळ्यांनी, आईने दोनदा वाचलं आणि लगेच मॅजिक फ्लूट लावायला सांगितला. बाबांनी फेस्टवोखनचं वेळापत्रक उघडलंय. पॅकेज कॅन्सल. ठरवतोय की एका दिवशी तिघांना खुर्च्या आणि एका दिवशी मी एकटी उभी, ते दोघं बाहेर चौकात पडद्यासमोर. आता राहिलं कपडे आणि जेवण. आम्ही शाकाहारी आहोत आणि प्रयोग संध्याकाळी ७ चा दिसतोय.

बाणेर_व्हाया_व्हिएन्ना:

प्लॅन एकदम बरोबर. कपड्यांची सक्ती नाही, पण तिथले लोक नीटनेटके येतात, आईंना सिल्कची साडी नेसू दे, बाबांना साधा कोट पुरे. उभं राहणाऱ्याने बूट मात्र आरामाचे घालावेत. ओव्हरकोट, छत्री, मोठी बॅग क्लोकरूमला द्यावी लागते, त्यासाठी वेळ हातात ठेवा. उशीर झाला तर मध्यंतरापर्यंत आत सोडत नाहीत, आपल्यासारखं अंधारात वाकून खुर्ची शोधत जाणं तिथे चालत नाही.

जेवण आधी उरकून घ्या. प्रयोग दहाला सुटला की किचन बंद व्हायला लागतात, आणि ऑपेराच्या मागे रात्री उशिरापर्यंत चालणारा स्टॉल आहे तो सॉसेजवाला, तुमच्या कामाचा नाही. साडेपाचला कुठेतरी खाऊन घ्या, कार्ल्सप्लाट्झ मेट्रो ऑपेराला लागूनच आहे, तिथून चालत पाच मिनिटं. आईंना जिने नकोत, लिफ्ट आहे, दारावरच्या माणसाला विचारा, तो दाखवतो.

जर्मनच्या_मॅडम:

आणि फेस्टवोखनमधल्या लहान जागांची तिकिटं लवकर संपतात, बाबांनी नाटक ठरवलं की लगेच बुक करा, तिथे गेल्यावर बघू असं ठेवू नका.