मदत हवी आहे: क्रूझवरच्या फॉर्मल रात्रीला जेवायला नेमके काय घालायचे?

सागरगोटा

नमस्कार मंडळी. सात रात्रींच्या क्रूझचे बुकिंग झाले आहे. आम्ही चौघे जाणार: मी, पत्नी, १४ वर्षांचा मुलगा आणि ७४ वर्षांचे वडील. जेवण मुख्य डायनिंग रूममध्ये, दुसऱ्या पंगतीला, म्हणजे रात्री सव्वाआठला. कपड्यांबद्दल कंपनीच्या पत्रकात 'दोन रात्री फॉर्मल, बाकी स्मार्ट कॅज्युअल' एवढी एकच ओळ आहे.

माझ्याकडे गडद निळा ब्लेझर आहे, सूट नाही. ट्युक्सेडो (बो लावून घालायचा काळा औपचारिक सूट) भाड्याने घ्यावा का? पत्नीला पायघोळ गाऊन नको आहे, मग दुसरे काय चालेल? वडिलांच्या पायांना सूज असते, कडक चामडी बूट त्यांना घालवत नाहीत. मुलाकडे जीन्स आणि टीशर्टच आहेत. विमानात माणशी २३ किलो सामान, त्यामुळे रोजचा वेगळा जोड नेणे शक्य नाही. आणि नियम पाळला नाही तर खरेच दारातून परत पाठवतात का? जाणकारांनी सविस्तर सांगावे ही विनंती.

नांगर

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. हो, परत पाठवतात, पण कोट कोणत्या प्रतीचा आहे ते कोणी बघत नाही. दारावरच्या माणसाची नजर खांदे, गुडघे आणि पाय यांवर जाते. पुरुषाचा बिनबाह्यांचा टीशर्ट, अर्धी पँट, रबरी चप्पल, पोहण्याचे कपडे, फाटकी जीन्स, डोक्यावर बेसबॉल टोपी, यांतले काही दिसले की 'बदलून या' असे नम्रपणे सांगतात. कार्निव्हल कंपनीच्या जहाजांवर साध्या रात्री लांब, नीटस शॉर्ट चालते, पण तीच शॉर्ट त्यांच्या 'क्रूझ एलिगंट', म्हणजे फॉर्मल रात्री चालत नाही. दुसऱ्या कंपनीच्या जहाजावरचा अनुभव आपल्या जहाजाला लावला की इथेच घोळ होतो.

प्रत्येक कंपनीने फॉर्मल रात्रीला आपले वेगळे नाव दिले आहे, ते आधी उलगडून घ्या. प्रिन्सेस अजून सरळ 'फॉर्मल' म्हणते. हॉलंड अमेरिका 'ड्रेसी' म्हणते. सेलिब्रिटीने २०१५ च्या अखेरीस फॉर्मल रात्री काढून 'इव्हनिंग शिक' आणले, त्यात टाय आणि कोट ऐच्छिक आहेत. क्युनार्डची 'गाला' रात्र सगळ्यांत काटेकोर: पुरुषांना डिनर जॅकेट किंवा गडद सूट, सोबत बो (फुलपाखरासारखा टाय) किंवा साधा लांब टाय. याउलट नॉर्वेजियनने २००० साली 'फ्रीस्टाइल' पद्धत आणली, तिथे फॉर्मल पोशाखाची सक्ती नाही. ओशनिया आणि व्हायकिंग यांच्याकडेही फॉर्मल रात्र नसते, पण त्याचा अर्थ काहीही घालून चालते असा नाही, संध्याकाळी नीटनेटके कपडे अपेक्षित असतातच. व्हर्जिनवर एक लाल पोशाखाची रात्र असते, तेवढ्यासाठी एखादा लाल शर्ट किंवा ओढणी पुरते.

फॉर्मल रात्र पहिल्या किंवा शेवटच्या दिवशी सहसा नसते. पहिल्या दिवशी बॅगा केबिनपर्यंत पोचायला संध्याकाळ होते आणि शेवटच्या दिवशी त्या आवरून बाहेर ठेवायच्या असतात. अटलांटिक ओलांडणाऱ्या जुन्या जहाजांवर कपड्यांच्या मोठमोठ्या पेट्या असायच्या, तेव्हापासून चालत आलेली ही रीत आहे. सात रात्रींत बहुतेक वेळा दुसरी रात्र आणि पाचवी किंवा सहावी असा हिशेब असतो, आणि शक्यतो जहाज दिवसभर समुद्रात असेल तो दिवस निवडतात, म्हणजे लोकांना तयार व्हायला वेळ मिळतो. नेमकी तारीख जहाजावरच्या रोजच्या कार्यक्रमपत्रिकेत किंवा अॅपमध्ये दिसते. हवामानामुळे बंदर चुकले तर तारीख बदलूही शकते, म्हणून कोट सहाव्या रात्रीपर्यंत बॅगेच्या तळाशी ठेवू नका.

सुईदोरा

सागरगोटा, गालासारखी काटेकोर रात्र नसेल तर ट्युक्सेडोचा विचार सोडा. (डिनर जॅकेट आणि ट्युक्सेडो एकच, फक्त ब्रिटिश आणि अमेरिकन नाव वेगळे.) ट्युक्सेडो म्हणजे एकटा कोट नव्हे. शर्टाची वेगळी बटणे, कफलिंक (कफाची सुटी बटणे), बो, रुंद कापडी कमरपट्टा, बाजूला पट्टी असलेली पँट, यांतली एक वस्तू घरी राहिली की सगळाच खोळंबा.

तुमचा निळा ब्लेझर दोन्ही रात्री निभावून नेईल, मात्र त्याखाली निळी पँट घालू नका. वेगळ्या कापडाच्या दोन निळ्या छटा दिवसा जुळल्यासारख्या वाटतात, डायनिंग रूमच्या पिवळ्या उजेडात फरक उठून दिसतो. गडद राखाडी लोकरी पँट घ्या. ब्लेझरला पितळी बटणे असतील तर ती काढून गडद शिंगी बटणे लावून घ्या, पुढे २० मिलिमीटरची आणि बाह्यांवर १५ मिलिमीटरची. तासाभराचे काम आहे, आणि ब्लेझर सुटाच्या बराच जवळ जातो. आत पांढरा शर्ट, गडद एकरंगी टाय. दुसऱ्या फॉर्मल रात्री फक्त टाय बदला. उरलेल्या स्मार्ट कॅज्युअल रात्री तीच पँट, बिनटायचा शर्ट आणि वाटले तर ब्लेझर.

शर्ट घेताना दोन गोष्टी पाहा. वरचे बटण लावून कॉलरमध्ये दोन बोटे सहज गेली पाहिजेत, नाहीतर टाय लावल्यावर दोन तास जेवायला बसवत नाही. आणि कफ उलगडून बघा: बटणाऐवजी दोन्ही बाजूंना नुसती भोके असतील तर तो कफलिंकचा शर्ट आहे. बटणाचा घ्या, एक वस्तू कमी.

आणखी एक, पत्रकात कधी 'ब्लॅक टाय' असे छापलेले दिसले तर काळा लांब टाय असा अर्थ घेऊ नका. ते डिनर जॅकेट आणि काळा बो या पोशाखाचे नाव आहे.

ताईंसाठी गाऊन मुळीच आवश्यक नाही. गुडघ्याखाली येणारा एकरंगी ड्रेस, किंवा सैलसर काळी पँट आणि त्यावर चमकदार रेशमी वा सॅटिनचा टॉप, हे बहुतेक फॉर्मल रात्रींना चालते. पायघोळ काही घालायचेच ठरले तर बूट घालून मोजा, खालची कड जमिनीपासून ३-४ सेंटिमीटर वर हवी. जहाज हलत असताना एक हात कठड्यावर असतो आणि दुसऱ्या हाताने घेर सावरत जिना उतरणे धोक्याचे आहे. बारीक टाचा नकोत. उघड्या डेकवरच्या लाकडी फळ्यांच्या फटीत त्या अडकतात आणि समुद्र खवळला की पाय मुरगळतो. ४-५ सेंटिमीटरची रुंद टाच पुरे. डायनिंग रूममध्ये वातानुकूलन जोरात असते, त्यामुळे उबदार समुद्रातल्या सफरीवरसुद्धा एक शाल जवळ ठेवा.

भरतीओहोटी

सुईदोरा यांच्याशी सहमत. आता चुरगळण्याबद्दल लिहिते, कारण सगळ्यांची पंचाईत तिथेच होते.

इस्त्री किंवा हातात धरायचा वाफेचा स्टीमर बॅगेत टाकू नका. आगीच्या भीतीने जवळजवळ सगळ्या कंपन्यांनी दोन्हींवर बंदी घातली आहे. स्कॅनरमध्ये दिसले की काढून ठेवतात आणि उतरताना परत देतात. प्रिन्सेस, क्युनार्ड यांच्या बऱ्याच जहाजांवर प्रवाशांसाठी इस्त्रीची खोली असते, रॉयल कॅरिबियनवर अशी सोय नाही. जिथे ती असते तिथे फॉर्मल रात्रीच्या आधीचे दोन तास रांग असते. सकाळी न्याहारीच्या वेळी जा.

इस्त्रीची खोली नसेल तर कपाटात धुलाईची पिशवी आणि छापील फॉर्म असतो. त्यावर धुण्यासमोर नव्हे, 'फक्त प्रेस' या रकान्यासमोर खूण करा. चढल्याच्या दिवशीच सुती शर्ट देऊन टाका. फॉर्मल रात्रीच्या सकाळी दिला तर संध्याकाळपर्यंत हाती येईलच असे नाही.

कोट असा घडी करा. लावलेली बटणे सोडा, खिसे रिकामे करा. दोन्ही हात आतून खांद्यांत घाला, जणू समोरच्याला कोट चढवताय. आता फक्त डावा खांदा उलटा करा, अस्तर बाहेर येईल. उजवा खांदा सुलटाच ठेवून त्या उलट्या खांद्याच्या आत बसवा, पेल्यात पेला बसतो तसा. कॉलर आणि छातीच्या कडा एकमेकींवर आल्या की कोट उभा दुमडला गेलेला असतो, अस्तर बाहेर आणि कापड आत. तो ड्रायक्लीनरच्या पातळ प्लास्टिक पिशवीत सरकवा, मध्यावर गुंडाळलेला टीशर्ट आडवा ठेवा आणि त्यावरून एकदाच घडी घाला. गुंडाळीमुळे घडीला धार येत नाही. प्लास्टिकमुळे कापड घासून अडकत नाही, घसरते, आणि अडकलेल्या कापडालाच चुणी पडते. बॅगेत कोट सगळ्यांत वर, बूट चाकांच्या बाजूला तळाशी.

केबिनमध्ये पोचल्यावर पहिले काम, कोट रुंद हँगरला लावा. लोकरीचे कापड रात्रभरात बरेचसे आपोआप सुटते. राहिलेल्या चुण्यांसाठी न्हाणीघरात दार बंद करून दहा मिनिटे गरम पाणी सोडा आणि कोट पाण्यापासून दूर टांगा. ओला झाला तर उलट नव्या चुण्या पडतात. दार एकदम सताड उघडू नका. दाट वाफ केबिनमध्ये गेली तर धुराचा अलार्म वाजू शकतो. हा उपाय सुती शर्टाला मात्र फारसा लागू पडत नाही, म्हणून वर प्रेसला द्यायला सांगितले. केबिनच्या भिंती बहुतेक जहाजांवर लोखंडी असतात, चुंबकाचे दोन-तीन हुक नेले तर टांगायची जागा वाढते.

सागरगोटा

इतके नेमके उत्तर मिळेल असे वाटले नव्हते, मनापासून आभार. ब्लेझरला पितळी बटणेच आहेत, ती बदलून घेतो. वडिलांचे बूट आणि मुलाचे कपडे एवढे दोन प्रश्न उरले. वडिलांना टाय बांधायचा कंटाळा आहे. त्यांनी फॉर्मल रात्री आमच्याबरोबर येऊच नये का?

सुईदोरा

यावे, नक्की यावे. काकांसाठी काळे, ताणणाऱ्या कापडाचे किंवा मऊ कातड्याचे, वेल्क्रोचे बंद बूट घ्या. सूज वाढली की पट्टा सैल करता येतो. तळवासुद्धा काळा हवा. लांबून नजरेत भरतो तो पांढरा तळवा, बुटाचा आकार नव्हे. खरेदी संध्याकाळी करा, तेव्हा पाय जास्त सुजलेले असतात. सकाळी नीट बसलेला जोड रात्री आठला चावतो. डॉक्टरांनी दाबाचे मोजे दिले असतील तर काळ्या रंगाचे घ्या, पँटखाली वेगळे दिसत नाहीत.

टाय नको असेल तर बंद गळ्याचा गडद कोट हा फार चांगला मार्ग आहे. क्युनार्डच्या गाला रात्रीलासुद्धा औपचारिक राष्ट्रीय पोशाख मान्य आहे.

मुलाला काळी किंवा राखाडी चिनो (साधी सुती) पँट, एक पांढरा आणि एक निळा कॉलरचा शर्ट, काळे बूट. टाय हवा असेल तर लावू दे, कोट नसला तरी त्या वयाच्या मुलाला बहुतेक ठिकाणी कोणी अडवत नाही. वाढत्या वयात कोट शिवून घेणे म्हणजे एका आठवड्यासाठीचा खर्च. पँट मात्र निघायच्या आठवड्यात घालून बघा, दोन महिन्यांपूर्वी घेतलेली घोट्याच्या वर गेलेली असते.

नांगर

काकांना एखाद्या रात्री तयार व्हायचेच नसेल तरी उपाशी राहायची वेळ येत नाही. फॉर्मल पोशाखाचा नियम सगळ्या जहाजाला सारखा लागत नाही. बुफे त्या रात्रीही चालू असतो आणि तिथे साधे कपडे चालतात, केबिनमध्ये जेवण मागवता येते. क्युनार्डच्या क्वीन मेरी २ वर गाला रात्री साध्या कपड्यांतल्यांसाठी किंग्ज कोर्ट हा बुफे आणि गोल्डन लायन हा पब असतो. तिथे अडचण जेवणानंतर येते. संध्याकाळी सहानंतर बहुतेक बार आणि नृत्याच्या दालनांनाही त्या रात्रीचाच नियम लागतो. जेवण बुफेत उरकून टीशर्टवर तिकडे जाऊ म्हटले तर चालत नाही. इतर कंपन्यांत इतके कडक नसते, तरी आपल्या जहाजाची पत्रिका बघा.

वजनाचे राहिलेच. ब्लेझर आणि बूट अंगावर घालूनच विमानात चढा, माणशी दीड-दोन किलो तिथेच वाचतात. पहिल्या रात्रीसाठी एकेक कॉलरचा शर्ट आणि लांब पँट हातातल्या बॅगेत ठेवा. काकांची औषधे आणि मोजेही त्याच बॅगेत. मोठ्या बॅगा कधीकधी दुसऱ्या पंगतीच्या वेळेपर्यंतही दाराशी आलेल्या नसतात.

भरतीओहोटी

शेवटच्या रात्रीचेही तसेच. बॅगा साधारण मध्यरात्रीच्या आत केबिनबाहेर ठेवायला सांगतात, नेमकी वेळ पत्रिकेत असते. दुसऱ्या पंगतीचे जेवण दहाच्या सुमाराला संपते, त्यामुळे बॅगा जेवणाआधीच आवरून ठेवा आणि जेवताना अंगावर असलेलेच कपडे सकाळी उतरायला घाला. रात्रीचा पोशाख आणि दात घासायचे सामान हातातल्या पिशवीत. कपाटातल्या हँगरवर ब्लेझर आणि दारामागच्या हुकावर शाल राहिली नाही ना, हे दिवा लावून एकदा बघून घ्या. बॅगा गेल्यावर काही सापडले तर ते हातातच वागवत उतरावे लागते.