रोबोट स्पर्धेसाठी उचलता येणारा पाण्याचा हौद: बाजू फुगतात, काय करावं?

प्रश्न (लातूर): ४ बाय ३ मीटरचा हौद, पाणी ४० सेंमी. प्लायच्या भिंती, आत ताडपत्री. निम्मा भरला की लांब बाजू मधोमध फुगते. हॉल पहिल्या मजल्यावर आहे.

उत्तर १: आधी हॉल बदला. ४,८०० लिटर म्हणजे पावणेपाच टनांच्या वर, चौरस मीटरला ४०० किलो. तळमजलाच बरा.
पाणी भिंतीच्या दर मीटरला साधारण ८० किलोनं ढकलतं, म्हणजे लांब बाजूवर ३२० किलो. जोर तळापासून १३ सेंमीवर असतो, म्हणून नुसती वरची पट्टी बांधून भागत नाही. दर मीटरला ४० मिमी चौकोनी पाइपचा उभा खांब द्या आणि समोरासमोरचे खांब तळाखालून पाइपनं जोडा. जोड नट-बोल्टचे ठेवा, वेल्डिंग केलं तर टेम्पोत मावणार नाही.

उत्तर २: ताडपत्री नको, ती शिवणीतून पाझरते. शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद घ्या, ५.४ बाय ४.४ मीटरचा अखंड तुकडा. कोपरे कापू नका, पाकिटासारखी घडी घाला. खाली जुनी सतरंजी हवीच, एक खडा पुरतो.

उत्तर ३: टँकरचं पाणी गढूळ असेल तर रोबोटच्या कॅमेऱ्याला तळ दिसत नाही. आदल्या संध्याकाळी १०० ते १२० ग्रॅम तुरटी विरघळवून टाका, हळू ढवळा, सकाळी तळाचा गाळ पाइपनं ओढा. पंपाला ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज लगेच तोडणारा स्विच) लावा, आणि रोबोट पाण्यात असताना पंप बंदच. उन्हाळ्यात पाणी ओतून देऊ नका, झाडांना सोडा.