पणजीचा फुगा की उपग्रह? वरच्या हवेतली वाफ कोण नीट मोजतं?

दोनापावला: पणजीहून हवामान खात्याचा फुगा चढतो. त्यावरच्या रेडिओसाँडची (तापमान-आर्द्रता मोजून रेडिओने खाली पाठवणाऱ्या पेटीची) आर्द्रता लोक थेट १६ किलोमीटरपर्यंत वाचतात, ते मला साफ नामंजूर आहे. १० किलोमीटरच्या वर उपग्रहच हवा. उणे ६० अंशांच्या आसपास आर्द्रतेचा संवेदक मिनिटभरही मागे पडू शकतो, फुगा मात्र सेकंदाला ५ मीटर चढतच असतो. म्हणजे ३०० मीटर खालची ओल वरच्या उंचीवर नोंदली जाते. जुलैत ढगातून गेला की संवेदकावर बर्फ धरतो, मग कोरड्या हवेतही तो ओलच सांगतो. नासाच्या ऑरा उपग्रहावरचं एमएलएस (मायक्रोवेव्ह लिंब साउंडर) उपकरण २००४ पासून वातावरणाच्या कडेकडे तिरकं पाहून १८३ गिगाहर्ट्झला वाफेचं उत्सर्जन मोजत आलं आहे. उंचावरच्या पातळ, बर्फकणांच्या सिरस ढगाची त्याला अडचण नाही.

फोंडेकर: पण बारकावा किती? उभ्यात साधारण ३ किलोमीटर, आणि दोन नोंदींत १६५ किलोमीटर अंतर. अख्खा गोवा त्या फटीत मावतो! ३१६ हेक्टोपास्कल दाबाच्या पातळीखाली, म्हणजे साधारण ९ किलोमीटर उंचीखाली, त्याची वाफेची नोंद वापरण्याजोगी नाही. शिवाय २०१० नंतर एमएलएसचे आकडे हळूहळू सरकत गेले. ते उघड झालं फुग्यांमुळेच, वाफ आरशावर कोणत्या तापमानाला बर्फ होऊन धरते ते मोजणाऱ्या फ्रॉस्टपॉइंट उपकरणांशी ताडून.

दोनापावला: ती उपकरणं वेगळी, रोजच्या फुग्यावर नसतात. स्थितांबरात दशलक्षात जेमतेम ४-५ भाग वाफ असते. जानेवारी २०२२ मध्ये टोंगाजवळच्या हुंगा ज्वालामुखीने तिथे सुमारे १४.६ कोटी टन पाणी फेकलं, तो हिशेब एमएलएसनेच दिला.

फोंडेकर: तेव्हा साध्या रेडिओसाँडनीही ती ओल पकडली होती.

दोनापावला: ती नेहमीच्या कैक पट होती म्हणून.

बार्देशी: इन्सॅटचं वाफेचं चित्र कृपया या वादात आणू नका. ६.५ ते ७.१ मायक्रॉनचं ते चॅनेल तापमान दाखवतं, आणि पावसाळ्यात ते बहुधा ढगमाथ्याचं असतं. आपल्या पट्ट्यासाठी खरं काम मेघा-ट्रॉपिक्स या भारत-फ्रान्सच्या उपग्रहावरच्या सफीर या आर्द्रतामापकाचं होतं: १८३.३१ गिगाहर्ट्झभोवती सहा चॅनेल, मध्याजवळचं वरचा थर पाहतं, कडेचं खालचा. कक्षा विषुववृत्ताशी २० अंशांनी कललेली, म्हणून गोव्यावर वरचेवर फेऱ्या. २०२३ मध्ये तो उपग्रह खाली आणला, ती जागा भरायलाच हवी.

आणि फोंडेकर, फुगाच वापरायचा तर एक बघा: रेडिओसाँडची आर्द्रता द्रव पाण्याच्या मानाने दिलेली असते. उणे ४० अंशांना ६८ टक्के दिसले, तर बर्फाच्या मानाने हवा तुडुंब भरलेली आहे. ती कोरडी समजून सिरसचा अंदाज बांधला तर चुकणारच.