अभ्यासिकेच्या फळ्यावर कोणाचं काय लिहावं?

खडूवाली

नमस्कार मंडळी. आमच्या तालुक्याच्या गावी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे, तिची देखरेख माझ्याकडे. मुलंमुली पोलीस भरती, तलाठी, एमपीएससीचा अभ्यास करतात. दाराशी एक काळा फळा आहे. आधीचे काका त्यावर रोज सुविचार लिहायचे. ते मुलाकडे राहायला गेले आणि खडू माझ्या हातात आला.

सुविचारांच्या पुस्तिकेत नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर जे मिळतं, त्यात एकच वाक्य आज विवेकानंदांचं असतं, पुढच्या आठवड्यात कलामसाहेबांचं आणि महिन्याभरात चाणक्याचं. मध्यंतरी एका मुलीनं विचारलं, "ताई, हे ते कुठं म्हणालेत?" बरोबरच आहे तिचं. प्रत्येक उत्तराला आधार शोधायची सवय लागलेली पोरं आहेत ती.

शिवाय ही वाक्यं फार गुळगुळीत. भरतीत उंचीवरून बाद होऊन आलेल्या पोराला "स्वप्नं मोठी बघा" कसं सांगू?

तर मला अशी वाक्यं हवीत, ज्यांच्यामागचा माणूस आणि प्रसंग सांगता येईल. लेखक, कलावंत, पुढारी, संत, कोणीही चालेल. तुम्हाला स्वतःला कधी उपयोगी पडलं असेल तर तेही लिहा. कृपा करून फॉरवर्ड चिकटवू नका.

रात्रपाळी

ताई, मी जरा उलटं बोलतो. चाकणला कारखान्यात आहे. लॉकरच्या दाराला आतून तुकोबांची ओळ चिकटवलीय, "असाध्य तें साध्य करितां सायास । कारण अभ्यास तुका म्हणे". पहाटे तीनला मशीनपाशी उभं असताना प्रसंग न् साल कुणाला आठवतंय? ओळ तेवढी आठवते. कोण म्हणालं यानं एवढा काय फरक पडतो?

पाहुणा

वाचनखूण साठवली आहे.

जुना मास्तर

रात्रपाळी, ओळ चांगलीच आहे, पण ती राज्यातल्या निम्म्या शाळांच्या भिंतीवर आहे आणि म्हणूनच कोणी वाचत नाही. अभ्यासावरचाच तुकोबांचा दुसरा अभंग बघा: "ओलें मूळ भेदी खडकाचें अंग". पुढे तुकोबा दोराचं उदाहरण देतात. रोजच्या घासण्यानं दोर दगडाचा चिरा कापतो. जुन्या विहिरीच्या काठावर हे खोबण अजून दिसतं. अभ्यासानं विषसुद्धा पचतं, असंही ते म्हणतात. तुमची ओळसुद्धा तिच्या अभंगात बचनाग खाणाऱ्यांची आणि हातात साप धरणाऱ्यांची उदाहरणं देऊन झाल्यावर शेवटी येते. आपण वरचं सगळं पुसून शेवटचं तेवढं रंगवतो. ताई, फळ्यावर ओलं मूळ लिहा.

आता तुमच्या प्रश्नाकडे. माझ्या मते वाक्यापेक्षा पत्रं वाचावीत. शिवाजी महाराजांच्या नावावर आज वाटेल ते खपतं, रिक्षाच्या मागं तर विचारूच नका. पण १६७३ च्या मे महिन्यात त्यांनी चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदार, हवालदार, कारकुनांना लिहिलेलं पत्र आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि वैरण आत्ताच उधळलीत तर ऐन पावसात घोडी मरतील. मग तुम्ही रयतेकडून ओरबाडायला लागाल, आणि लोक म्हणतील, यांच्यापेक्षा मोगल बरे. त्याच पत्रात पुढे: रात्री दिवे जळते ठेवून झोपू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल. राज्याभिषेकाला वर्ष राहिलेला राजा उंदराचा विचार करतोय! मी वर्गात हे वाचून दाखवायचो तेव्हा मागच्या बाकावरची पोरंसुद्धा गप्प बसत. १६७६ चं रामाजी अनंत सुभेदारांना लिहिलेलं पत्र तसंच. त्यात रयतेच्या भाजीच्या देठालाही मन न करण्याची ताकीद आहे. सरकारी नोकरीत शिरू पाहणाऱ्या तुमच्या तलाठ्यांसाठी याहून चांगलं काय असणार?

आणि एक ओळ हवीच असेल तर आगरकरांची: "इष्ट असेल ते बोलणार व साध्य असेल ते करणार." 'केसरी' सोडल्यावर १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' काढला, त्याचं हे ब्रीद. याच माणसाची पुण्यातल्या लोकांनी जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. दम्यानं पोखरलेला देह, चाळिशीही गाठली नाही. हे कळल्यावर 'बोलणार' मधला 'णार' वेगळाच ऐकू येतो. फरक पडतो तो असा, रात्रपाळी.

आसोद्याची

मी जळगावकडची, त्यामुळे बहिणाबाईंशिवाय कसं चालेल? चटक्यांचा तवा सगळ्यांना पाठ आहे, तो नको. तुमच्या मुलांना हे द्या:

"मन वढाय वढाय, उभ्या पीकातलं ढोर
किती हाकला हाकला, फिरी येतं पिकावर"

पुस्तक उघडं आणि हात मोबाइलकडे, हेच ना ते? फरक एवढाच की बहिणाबाई शेतात उभं राहून बोलत होत्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर सुचेल ते म्हणायच्या आणि घरातले उतरवून घ्यायचे. पुस्तक आलं ते १९५२ मध्ये, त्या गेल्यावर. त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, ती वही अत्र्यांना दाखवली नसती तर आज आपण काय म्हटलं असतं देव जाणे. यात उपदेश कुठंच नाही, बाई फक्त ढोर हाकतेय. म्हणून मला सगळ्या 'एकाग्रता वाढवा' छाप वाक्यांपेक्षा हे आवडतं.

(मास्तर, शेवटी तुम्ही पण 'णार' वर घसरलातच. मास्तर ते मास्तर.)

खडूवाली

सगळ्यांचे आभार. चार दिवस ओलं मूळ, मग उभ्या पिकातलं ढोर, असं ठरलं. ढोराच्या खाली मोबाइलचं चित्र काढायला एक मुलगा आत्ताच तयार झालाय.

रात्रपाळी दादा, तुमचं पटत नाही असं नाही. पण तुमच्या लॉकरवर तुम्ही स्वतः निवडून चिकटवलंय. माझा फळा वीस-बावीस वर्षांच्या पोरांना रोज जाता-येता वाचावा लागतो. ज्यांनी मागितलेलं नाही त्यांना काही ऐकवायचं, तर ते खरं असल्याची खात्री तरी हवी.

पत्रांची कल्पना वाचून मीही वाचनालयातून सावित्रीबाईंची पत्रं वर आणली. १८७७ च्या एप्रिलमध्ये त्यांनी ओतूरहून जोतीरावांना लिहिलेलं पत्र आहे. ७६ साल सरलं तरी दुष्काळ सरलेला नाही, जनावरं मरताहेत, लोक गावं सोडून चाललेत. सत्यशोधक कार्यकर्त्यांना पकडलंय, त्यावर कलेक्टरशी बोलून त्यांना सोडवण्यासाठी बाईंनी कशी बाजू मांडली, तेही त्यात आहे. बाईंचं नाव घेतलं की आपण शेण-चिखलाच्या प्रसंगावर थांबतो. इथं त्या दुष्काळाचं काम बघताहेत आणि नवऱ्याला त्याचा हिशोब कळवताहेत. ज्या मुलीनं "कुठं म्हणालेत?" विचारलं होतं, तिला दिलं. तिनं उभ्यानंच वाचलं आणि म्हणाली, "यातली एक ओळ निवडायची कशी?" मी म्हटलं, नको निवडू. पूर्ण पत्राची मोठ्या अक्षरातली झेरॉक्स काढून फळ्याशेजारी लावलीय.

मास्तर, एक विचारायचं होतं. महाराजांची ही पत्रं वाचनालयात आहेत, पण जाडजूड ग्रंथात आणि जुन्या भाषेत. शेजारी आजच्या मराठीतला अर्थ दिलेली, खिशाला परवडेल अशी एखादी आवृत्ती तुमच्या पाहण्यात आहे का? वाचनालयाच्या खरेदीची यादी या महिनाअखेरीस जायची आहे.