सर्दी नाही, तरी घशात सतत कफ उतरतो. काय करावं?

रानजाई
आईचं वय 58. दोन महिने झाले, नाकाच्या मागून घशात चिकट काहीतरी उतरत राहतं. दिवसभर खाकरणं, आडवं झालं की खोकला. ताप नाही. नाक चोंदलं की ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब घालते, त्यालाच तीन आठवडे झाले. आता दोन-तीन तासांत नाक परत बंद. जलनेती केली तर आग आग होते. बीपीसाठी रामिप्रिल चालू आहे. सकाळी पिवळट कफ पडतो, तर अँटिबायोटिक सुरू करावं का?

कडुलिंब
नुसत्या पिवळ्या रंगावरून अँटिबायोटिक नको. तो रंग पांढऱ्या पेशींमुळे येतो, ॲलर्जीत आणि साध्या विषाणूच्या सर्दीतही येतो. नाक-घशात रोज साधारण लिटरभर स्राव तयार होतो आणि आपण तो नकळत गिळतो. तो घट्ट झाला किंवा वाढला की घशात जाणवायला लागतो. म्हणून 'कफ सुकवायचा' हा विचारच सोडा. सुकवला की आणखी चिकटतो.

पहिलं काम थेंब बंद करण्याचं. हे थेंब 3 दिवसांच्या वर वापरले की औषधाचा असर उतरताच आतलं अस्तर आधीपेक्षा जास्त सुजतं, माणूस पुन्हा थेंब घालतो, आणि हे चक्र सुटत नाही. एकदम सोडवत नसतील तर आधी एकाच नाकपुडीत बंद करा, ती मोकळी झाली की दुसरीत. सोबत डॉक्टरांकडून स्टिरॉइडचा नाकाचा स्प्रे (फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोन) लिहून घ्या.

आणि बीपी आहे, तेव्हा दुकानातल्या सर्दीच्या गोळ्यांची पट्टी उलटून वाचा. फेनिलेफ्रिन असेल तर त्यांना देऊ नका, त्याने बीपी वाढू शकतं.

अबोली
नेतीत आग होते ती बहुतेक मीठ कमी पडल्यामुळे. नुसतं किंवा अंदाजाने खारट केलेलं पाणी अस्तराला झोंबतंच. प्रमाण मोजून घ्या: 1 लिटर पाण्याला 9 ग्रॅम मीठ, म्हणजे 5 मिलीच्या चमच्याने दीड सपाट चमचा, आणि अर्धा चमचा खायचा सोडा. मीठ शक्यतो आयोडीन नसलेलं घ्या. मेडिकलमध्ये तयार पुड्या मिळतात, त्याही चालतील.

पाणी मात्र उकळलेलंच हवं. खळखळून किमान एक मिनिट उकळून कोमट होईपर्यंत झाकून ठेवा. नळाचं, विहिरीचं, फिल्टरचं थेट नाकात नको. त्यातला अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोचू शकतो. असं क्वचितच होतं, पण झालं तर जवळपास नेहमी जीवघेणं ठरतं.

बेसिनवर पुढे वाकून मान एका बाजूला कलती ठेवायची, तोंडाने श्वास. वरच्या नाकपुडीतून सुमारे 120 मिली सोडलं की खालच्या नाकपुडीतून बाहेर येतं. मग दुसरी बाजू. नंतर जोरात शिंकरायचं नाही, पाणी कानाकडे ढकललं जातं. उरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी वापरू नका आणि नेतीपात्र धुऊन कोरडं करा.

उंबर
रामिप्रिल कधी सुरू झालं, हे आधी पाहा. त्या गटातल्या गोळ्यांनी घशात खवखव आणि कोरडा खोकला येतो, कधी सुरू केल्यावर काही महिन्यांनीही. चिकट स्रावाचं कारण वेगळं असेल, पण निम्मा खोकला या गोळीचा असू शकतो. स्वतःहून गोळी थांबवू नका. डॉक्टरांना सांगितलं तर ते टेल्मिसार्टनसारखा पर्याय देतात. बदलल्यावरही खोकला जायला काही आठवडे लागतात.

रानजाई
रामिप्रिल चार महिन्यांपूर्वीच लागलं. डॉक्टरांनी फ्लुटिकासोन लिहून दिलंय, पण स्प्रे मारला की सगळं घशात उतरतं.

उंबर
म्हणजे मान मागे जाते आहे आणि श्वास जोरात ओढला जातो आहे. बाटली हलवा, नवी असेल तर हवेत फवारे मारून बारीक धुकं येऊ द्या. मान किंचित पुढे. उजव्या हाताने डावी नाकपुडी, डाव्या हाताने उजवी. त्याने टोक आपोआप डोळ्याच्या बाहेरच्या कडेकडे वळतं. मधल्या पडद्यावर फवारा बसला तर खपल्या धरतात, रक्त येतं. दाबताना श्वास फुलाचा वास घ्यावा इतका हलका. नेती आधी, स्प्रे दहा-पंधरा मिनिटांनी. पूर्ण गुण यायला दोन आठवडे लागू शकतात, चार दिवसांत सोडू नका.

कडुलिंब
महिनाभर हे नीट करूनही फरक नसेल आणि नाक मोकळं असूनही खाकरणं, आवाज बसणं चालूच असेल, तर पित्त घशापर्यंत येतंय का ते तपासा. जेवण झोपण्याच्या तीन तास आधी, आणि पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली 15 ते 20 सेंमी उंचीचे ठोकळे. नुसत्या उशा रचल्या तर पोट दुमडतं आणि त्रास वाढतो.

एकाच नाकपुडीतून दुर्गंधी किंवा रक्त, एकाच बाजूने पाण्यासारखी धार, डोळ्याभोवती सूज, गिळायला त्रास, यातलं काहीही दिसलं तर महिना थांबू नका, कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. डोळ्याभोवतीची सूज असेल तर त्याच दिवशी.

खाकरणं आवरायला मात्र आजपासून सांगा. प्रत्येक खाकरीने स्वरयंत्रावर घासटा बसतो, तिथे सूज येते आणि पुन्हा खाकरावंसं वाटतं. तशी ऊर्मी आली की कोमट पाण्याचा एक घोट घेऊन गिळायचं.