हस्तलिखितात वर्षभराचे उपक्रम आणि मुलांचं यश कसं घ्यावं? (दोनशिक्षकी शाळा, पट ४१)

पाटीपेन्सिल:
नमस्कार मंडळी. जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते पाचवी, पट ४१, शिक्षक दोन. २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, मुलांच्या हस्तलिखिताचं, म्हणजे मुलांनी हाताने लिहून-रंगवून केलेल्या शाळेच्या अंकाचं, प्रकाशन करायचं आहे. यंदा परसबाग झाली, बालबाजार झाला, केंद्रस्तरावर (जवळपासच्या शाळांच्या गटात) खेळांत मुलं चमकली, काही मुलं शिष्यवृत्तीत पात्र झाली. हे सगळं आलं पाहिजे आणि प्रत्येक मुलाचं काहीतरी आलं पाहिजे. पहिलीच्या मुलांना अजून सलग लिहिता येत नाही. पानं किती धरावीत, कागद कोणता घ्यावा, बांधणी शाळेतच होईल का? ज्यांच्या शाळेत नेमाने हस्तलिखित निघतं त्यांनी सविस्तर सांगावं.

दाभण_दोरा:
आधी पानांचा हिशेब करा, लिखाण नंतर. तुमच्या पटावर समजा पहिली-दुसरीची १६ मुलं आहेत. त्यांना एका पानावर दोघं, म्हणजे ८ पानं. उरलेल्या २५ जणांना प्रत्येकी एक पान. उपक्रमांना १०, यशाला २, शीर्षकपान, संपादकीय आणि अनुक्रमणिका मिळून ३. झाली ४८ पानं, म्हणजे पाठपोट २४ कागद. कागद मात्र ४० आणा, कारण बिघडणारच.

कागद ए-फोर, १०० जीएसएमचा (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन; आकडा मोठा तितका कागद जाड). झेरॉक्सच्या ७५ जीएसएमवर स्केचपेन मागे फुटतो आणि पाठचं पान वाया जातं. लिखाण जेलपेनने, चित्रं रंगीत पेन्सिलने. तेलखडू वापरायचाच असेल तर त्या पानावर बटर पेपर लावा, नाहीतर त्याचा रंग समोरच्या पानावर उमटतो.

सगळ्यात जास्त पानं बिघडतात ती समासामुळे. शिवण कडेपासून दीड सेंटिमीटर आत येते, म्हणून शिवणीकडे साडेतीन सेंटिमीटर मोकळे हवेत. पुढच्या बाजूला हा समास डावीकडे असतो, पण पान उलटलं की उजवीकडे जातो. मूल सवयीने मागेही डावीकडेच सोडतं आणि बांधल्यावर ओळींची शेवटची अक्षरं शिवणीत गडप होतात. त्यामुळे कागद हातात देण्याआधीच दोन्ही बाजूंच्या समासरेषा तुम्ही पेन्सिलने मारून ठेवा.

फोटो किंवा चित्र चिकटवायला फेव्हिकॉल नको. त्यातल्या पाण्याने कागद फुगतो आणि वाळताना पानाला लाटा येतात. ग्लू स्टिक घ्या, चारही कडांना लावा आणि पान रात्रभर जाड पुस्तकांखाली दाबून ठेवा. घरची खळही नको, तिच्यावर कसर आणि झुरळं येतात.

बांधणी शाळेत सहज होते. मागे-पुढे ३०० जीएसएमचं कार्डशीट लावून गठ्ठा दोन चिमट्यांनी घट्ट धरा. खाली लाकडी फळी ठेवून दाभणाने पाच भोकं पाडा, वरच्या कडेपासून ३, ९, १५, २१ आणि २७ सेंटिमीटरवर. जाड दोरा ९० सेंटिमीटर पुरतो. सुई मधल्या भोकातून मागून पुढे काढा, त्याच्या लगतच्या वरच्या भोकातून मागे, वरच्या टोकाच्या भोकातून पुन्हा पुढे. तिथून परत फिरून सुटलेले टाके भरत मधल्यावर या. खालच्या दोन भोकांना तसंच करा आणि गाठ मागच्या बाजूला मधल्या भोकापाशी मारा. शिवणीवर कापडी पट्टी चिकटवली की झालं. स्टेपलर लावू नका. पावसाळ्यात पिना गंजतात आणि पानावर तांबडा डाग उतरतो.

बोलीभाषा:
दाभण_दोरा यांनी बाहेरचं सगळं सांगितलंय, मी आतल्या मजकुराचं सांगते.

'माझी आई', 'पावसाळा' असे विषय देऊ नका. २५ मुलांकडून निबंधमालेतलीच वाक्यं येतील. प्रश्न नेमका विचारा: काल संध्याकाळी घरी कोण काय करत होतं? परसबागेतल्या वांग्याला कीड लागली तेव्हा पानं कशी दिसत होती? अशा प्रश्नाला मूल स्वतःचंच उत्तर देतं.

पहिलीच्या मुलांनी आधी चित्र काढायचं, मग चित्राबद्दल बोलायचं. तुम्ही त्यांच्याच शब्दांत खाली लिहायचं आणि नाव त्यांनी स्वतः घालायचं. वाक्य सजवायचा मोह टाळा. 'आमची म्हस व्याली आन् रेडकू उभंच ऱ्हाईना' हे वाक्य जसंच्या तसं छापण्याजोगं आहे. त्याचं 'आमच्या म्हशीला रेडकू झाले' केलंत तर ते पोर त्या पानातून निघून जातं. मोठ्या मुलांच्या कच्च्या प्रतीत ऱ्हस्व-दीर्घ त्यांच्याजवळ बसून सुधारा, पण शब्द त्यांचेच ठेवा.

उपक्रमांच्या पानांवर 'उत्साहात संपन्न झाला' हे वाक्य नको, आकडे हवेत. बालबाजाराचं पान चौथी-पाचवीच्या मुलांकडून तक्त्यात करून घ्या: माल, भांडवल, विक्री, नफा. मेथीच्या ५ जुड्या ३० रुपयांना आणल्या, १० रुपयांना एक विकली, विक्री ५०, नफा २०. न खपलेल्या जुडीचा तोटाही दाखवा, गणित तिथेच पक्कं होतं.

केंद्रस्तर:
यशाच्या दोन पानांबद्दल. इथे चुकीचा शब्द गेला की तो कायमचा राहतो.

शिष्यवृत्ती परीक्षा एकूण ३०० गुणांची. दोन्ही पेपरांत प्रत्येकी किमान ४० टक्के मिळाले की मूल 'पात्र' होतं. शिष्यवृत्ती मात्र गुणवत्ता यादीत आलेल्यांनाच मिळते. म्हणून तुमच्या मुलांसाठी 'पात्र' लिहा, 'शिष्यवृत्ती मिळवली' नको. आणि निकाल हाती येईपर्यंत ती मुलं पुढच्या वर्गात गेलेली असतात, तेव्हा परीक्षेचं वर्ष नावापुढे घालाच. नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेचंही तसंच: परीक्षा दिलेली मुलं वेगळी, निवड झालेली वेगळी.

खेळात स्तर लिहा: केंद्र, बीट (काही केंद्रांचा गट), तालुका की जिल्हा. कबड्डी-खोखोत फक्त कर्णधाराचं नाव नको, राखीव खेळाडूंसह सगळा संघ द्या. बाकावर बसलेलं पोरही सरावाला रोज आलेलं असतं.

मुलाच्या नावासोबत आधार क्रमांक, पालकांचा फोन, जन्मतारीख असलं काहीही नको, कारण पुढे याची पीडीएफ व्हॉट्सअॅपवर फिरते.

पाटीपेन्सिल:
फार नेमकं सांगितलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. एक शंका राहिली: मोबाइलवर पीडीएफ बांधणीआधी करावी की नंतर?

दाभण_दोरा:
आधीच. बांधल्यावर पान सपाट पडत नाही आणि शिवणीकडची अक्षरं वाकडी येतात. सुटी पानं दिवसाच्या उजेडात, व्हरांड्याच्या सावलीत फरशीवर ठेवा, मोबाइल बरोबर वर धरून फोटो घ्या, स्वतःची सावली पानावर पडू देऊ नका. पेन्सिलने घातलेले पान क्रमांक तेव्हाच तपासून घ्या, आणि ते जुळल्यावरच दाभण हातात घ्या.